टॉमकॅटच्या पुढे एन्जिनएक्स: पहिल्यांदा जोडणी करणाऱ्यांसाठी

निकालाचा दिवस होता. दुपारी एक वाजता गुणपत्रिका खुल्या झाल्या आणि पाचच मिनिटांत साइट थिजली. सर्व्हरवर लॉगिन करून आधी प्रोसेसर पाहिला, तर तो जेमतेम दहा टक्के कामात. मेमरी मोकळी, डेटाबेस शांत. मग जावाच्या जेस्टॅक या साधनाने थ्रेडची, म्हणजे एकेक विनंती हाताळणाऱ्या कामगारांची, यादी काढली. 'एचटीटीपी-एनआयओ-८०८०-एक्झेक-१' पासून '२००' पर्यंत सगळेच्या सगळे एकाच जागी अडकलेले: सॉकेटवर लिहिण्याच्या ओळीत.

म्हणजे गुणपत्रिकेची पीडीएफ केव्हाच तयार झाली होती. ज्या मोबाइलवर ती जायची तिथलं नेटवर्क मात्र रडतखडत चाललं होतं, आणि पीडीएफचा शेवटचा तुकडा पुढे सरकेपर्यंत थ्रेडला जागचं हलता येत नव्हतं. टॉमकॅट म्हणजे आमचं जावा ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर. त्याला वेगळं काही सांगितलं नाही, तर एका कनेक्टरला (विनंत्या घेणाऱ्या दाराला) जास्तीत जास्त २०० थ्रेड मिळतात. एक पीडीएफ पोचायला ८ सेकंद लागले तर २०० भागिले ८, सेकंदाला २५ मुलं. बाकीची ताटकळत. आचाऱ्यालाच पंगतीत वाढायला पाठवायचं आणि पाहुण्याचं जेवण उरकेपर्यंत ताटापाशी उभं करायचं, तसा हा प्रकार.

जावाच्या पुढे वेब सर्व्हर कशासाठी ठेवायचा, हे मला त्या दिवशी नीट कळलं. पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर लावला म्हणून तुमचा जावा कोड वेगाने धावत नाही. तो होता तसाच राहतो. एन्जिनएक्स फक्त जावाकडची हमाली काढून घेतो: संथ ग्राहकांना सांभाळणं, चित्रं आणि सीएसएस देणं, एचटीटीपीएसचं कुलूप-किल्लीचं काम, मजकूर दाबून लहान करणं. थ्रेड उत्तर तयार करतो, एन्जिनएक्सच्या हवाली करतो आणि पुढच्या विनंतीला मोकळा होतो. ही एक गोष्ट डोक्यात पक्की असेल तर खालची प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते आपोआप लक्षात येईल.

एन्जिनएक्सच का? अपाचेचा एचटीटीपीडी सर्व्हरही उत्तम आहे आणि टॉमकॅटशी त्याची सोयरीक जुनी आहे. पण तो टॉमकॅटकडून आलेलं उत्तर साधारणपणे जसं येईल तसं पुढे सरकवतो. एन्जिनएक्स ते आधी स्वतःकडे साठवून घेतो, मेमरीत मावलं नाही तर तात्पुरत्या फाइलीत. हे बफरिंग मुळातच चालू असतं. मोबाइलवरचे ग्राहक जास्त असतील तर मला हाच फरक मोलाचा वाटतो.

वाचण्यापूर्वी एक सूचना. आज्ञा आणि फाइलींतल्या ओळी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायच्या. एन्जिनएक्सचे निर्देश सगळे छोट्या अक्षरांत असतात. टॉमकॅटच्या सर्व्हर.एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलीत कॅपिटल-स्मॉलचा फरक पडतो, त्यामुळे तिथे मूळ फाइलीतलं लेखन बघूनच लिहा. मी डेबियन १२ धरून चाललो आहे. तिथे पॅकेजमधून टॉमकॅट १० मिळतो. तुमचं ॲप्लिकेशन टॉमकॅट ९ साठी लिहिलेलं असेल तर ते १० वर तसंच चालणार नाही, कारण जावाएक्सने सुरू होणारी पॅकेजची नावं तिथे जकार्ता झाली आहेत. ते आधी तपासा.

पायरी १: आधी टॉमकॅट एकटा चालतो का ते बघा

नवखा माणूस दोन्ही सर्व्हर एकदम बसवतो आणि मग दोष कुणाचा हे शोधत बसतो. तसं करू नका. सर्व्हरवरूनच कर्ल (आज्ञा देऊन पान मागवणारं साधन) वापरून १२७.०.०.१ वरच्या ८०८० पोर्टला विनंती करा. तुमचं पान आलं पाहिजे. आलं नाही तर इथेच थांबा, टॉमकॅटचा लॉग वाचा, ते निस्तरा आणि मगच पुढे या.

जमलं तर याच वेळी एक प्रयोग करून बघा. चाचणीच्या मशीनवर सर्व्हर.एक्सएमएलमध्ये मॅक्सथ्रेड्स, म्हणजे थ्रेडची कमाल संख्या, ५ करा. २०-३० एमबीचं उत्तर स्वतः तयार करून पाठवणारं एखादं सर्व्हलेट (विनंतीला उत्तर देणारा जावा कोड) घ्या. साधी ठेवलेली फाइल नको, कारण मोठ्या फाइली टॉमकॅट सेंडफाइल या फाइल थेट पाठवण्याच्या सोयीकडे सोपवतो आणि थ्रेड सोडून देतो. आता कर्लला लिमिट-रेट २००के हा पर्याय देऊन पाच खिडक्यांतून ते उत्तर मागवा. सहाव्या खिडकीतून साधं मुखपृष्ठ मागा. ते येणार नाही. उत्तर एवढं मोठं घ्यायचं कारण म्हणजे थोडा डेटा लिनक्स स्वतःच्या बफरमध्ये धरून ठेवतं. छोट्या उत्तराने ही अडचण दिसतच नाही, म्हणून ऑफिसच्या वेगवान नेटवर ती कुणाच्या लक्षात येत नाही. जोडणी झाल्यावर हाच प्रयोग एन्जिनएक्समधून करायचा आहे, तेव्हा हे सर्व्हलेट जपून ठेवा.

पायरी २: एन्जिनएक्स बसवा आणि साइटची फाइल लिहा

एपीटीने एन्जिनएक्स बसवा. ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता टाकल्यावर त्याचं स्वागताचं पान दिसलं की ८० पोर्ट जागा आहे. आता साइट्स-अव्हेलेबल या फोल्डरात नवी फाइल करा. तिचा सांगाडा असा (अपस्ट्रीम म्हणजे मागे उभा असलेला सर्व्हर, इथे टॉमकॅट; लोकेशन म्हणजे पत्त्यातला मार्ग):

अपस्ट्रीम निकाल {
    सर्व्हर १२७.०.०.१:८०८०;
}

सर्व्हर {
    लिसन ८०;
    सर्व्हर_नेम तुमच्या साइटचं नाव;

    लोकेशन / {
        प्रॉक्सी_पास एचटीटीपी://निकाल;
    }
}

प्रत्येक निर्देशाच्या शेवटी अर्धविराम हवाच. सुरुवातीच्या बहुतेक चुका तिथेच होतात. या फाइलीचा दुवा साइट्स-एनेबल्डमध्ये करा आणि तिथला डिफॉल्ट नावाचा दुवा काढून टाका, नाहीतर स्वागताचंच पान दिसत राहील. मग एन्जिनएक्स या आज्ञेला टी हा पर्याय देऊन फाइल तपासा आणि रीलोड करा. रीस्टार्टची गरज नाही. रीलोडमध्ये चालू विनंत्या तुटत नाहीत.

अपस्ट्रीमला नाव देताना त्यात खालची रेघ घालू नका. पुढची पायरी राहून गेली तर एन्जिनएक्स होस्ट म्हणून हेच नाव टॉमकॅटला कळवतो, आणि होस्टच्या नावात खालची रेघ दिसली की टॉमकॅट ४०० (चुकीची विनंती) देऊन मोकळा होतो. ब्राउझरमधला पत्ता तर बरोबर असतो, त्यामुळे माणूस भलतीकडेच शोधत राहतो.

प्रॉक्सी_पासच्या शेवटच्या तिरप्या रेघेबद्दलही बोलायला हवं. पत्त्यानंतर काहीच लिहिलं नाही तर ब्राउझरने मागितलेला मार्ग जसाच्या तसा टॉमकॅटकडे जातो. शेवटी तिरपी रेघ किंवा मार्ग लिहिला, तर लोकेशनशी जुळलेला भाग काढून त्या जागी तुम्ही लिहिलेलं घातलं जातं. मोह होतो की ॲप्लिकेशन टॉमकॅटवर '/गुण' या मार्गावर आहे, ते बाहेर '/' वर दाखवू. पान दिसतंही. पण लॉगिन टिकत नाही, कारण टॉमकॅटने सेशनची कुकी '/गुण' या मार्गापुरती दिलेली असते आणि ब्राउझर ती '/' वरच्या विनंतीसोबत पाठवत नाही. यावर कुकीचा मार्ग बदलणारा निर्देश आहे, पण माझा सल्ला वेगळा आहे: बाहेर आणि आत मार्ग एकच ठेवा. बाहेर '/' हवं असेल तर डब्ल्यूएआर फाइलचं नाव रूट ठेवून ॲप्लिकेशन मुळावरच बसवा.

पायरी ३: ग्राहक कोण आहे ते टॉमकॅटला सांगा

आता टॉमकॅटच्या लॉगमध्ये प्रत्येक विनंती १२७.०.०.१ वरून आलेली दिसेल, कारण त्याच्या दारात उभा आहे तो एन्जिनएक्स. लोकेशनच्या आत प्रॉक्सी_सेट_हेडर वापरून तीन गोष्टी पाठवा: होस्टमध्ये डॉलर-होस्ट, एक्स-फॉरवर्डेड-फॉरमध्ये डॉलर-प्रॉक्सी_ॲड_एक्स_फॉरवर्डेड_फॉर आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटोमध्ये डॉलर-स्कीम.

हे अर्धंच काम झालं. टॉमकॅटने ती हेडर वाचली पाहिजेत. त्यासाठी सर्व्हर.एक्सएमएलमध्ये होस्टच्या आत रिमोटआयपीव्हॉल्व्ह घाला. व्हॉल्व्ह म्हणजे विनंतीच्या वाटेत बसवायचा टॉमकॅटचा एक भाग. त्याचं पूर्ण क्लासनाव ओआरजी.अपाचे.कॅटलिना.व्हॉल्व्ह्ज.रिमोटआयपीव्हॉल्व्ह. शेजारच्या ॲक्सेसलॉगव्हॉल्व्हमध्ये रिक्वेस्टॲट्रिब्यूट्सएनेबल्ड ट्रू करा, नाहीतर ॲप्लिकेशनला खरा पत्ता कळतो पण लॉगमध्ये जुनाच छापला जातो.

व्हॉल्व्ह विसरलात तर पुढे एचटीटीपीएस लावल्यावर भोगावं लागतं. ग्राहक एचटीटीपीएसवर असतो, पण टॉमकॅटला आत साधं एचटीटीपीच दिसतं. ॲप्लिकेशनमध्ये 'सुरक्षित जोडणी सक्तीची' असं लिहिलेलं असेल तर ते ग्राहकाला पुन्हा एचटीटीपीएसकडे पाठवतं, तो पुन्हा तिथूनच येतो, आणि हे फेरे थांबत नाहीत. शेवटी ब्राउझरच कंटाळून चूक दाखवतो.

पायरी ४: ८०८० चं दार बाहेरून बंद करा

कनेक्टरमध्ये ॲड्रेस १२७.०.०.१ लिहा आणि टॉमकॅट पुन्हा चालू करा. एसएस या आज्ञेने बघा: ८०८० समोर १२७.०.०.१ दिसलं पाहिजे, तारा किंवा चार शून्यं नकोत. हे राहिलं तर एन्जिनएक्सला बगल देऊन कुणीही थेट टॉमकॅटशी बोलू शकतो आणि एक्स-फॉरवर्डेड-फॉरमध्ये मनाला येईल तो पत्ता लिहू शकतो.

याच ओघात एजेपीबद्दल. जुन्या लेखांत ८००९ पोर्ट, एजेपी आणि ते बोलणारं अपाचेचं मॉड्यूल मॉड_जेके यांच्यावर पानंच्या पानं सापडतील. एजेपी हा अपाचे आणि टॉमकॅट यांच्यातला बायनरी प्रोटोकॉल. २०२० च्या फेब्रुवारीत त्यात घोस्टकॅट नावाची त्रुटी जाहीर झाली, सीव्हीई-२०२०-१९३८. उघड्या ८००९ वरून बाहेरच्याला ॲप्लिकेशनच्या आतल्या फाइली वाचता येत होत्या. ९.०.३१ पासून टॉमकॅटसोबत येणाऱ्या फाइलीत एजेपी कनेक्टर बंद असतो आणि तो चालू केलाच तर गुप्त शब्द मागतो. एन्जिनएक्सला मुळात एजेपी येतच नाही. नवी जोडणी करताना एचटीटीपीच वापरा.

पायरी ५: चित्रं, सीएसएस, जावास्क्रिप्ट

या फाइली टॉमकॅटही बऱ्यापैकी देतो, पण त्यासाठी त्याला उठवायचं कशाला? दुसरं लोकेशन लिहा, '/स्टॅटिक/' अशासारखं, आणि त्यात रूट निर्देशाने फोल्डर दाखवा. फाइलींच्या नावात आवृत्ती असेल तर एक्स्पायर्स ३०डी लिहा, म्हणजे ब्राउझर महिनाभर त्या पुन्हा मागणारच नाही. जीझिप चालू करताना जीझिप_टाइप्समध्ये सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि जेसन यांची नावं द्या. ती दिली नाहीत तर फक्त एचटीएमएल दाबलं जातं.

आता कळकळीने सांगतो: रूट निर्देश टॉमकॅटच्या वेबॲप्स फोल्डरातल्या ॲप्लिकेशनकडे कधीही वळवू नका. तिथे वेब-आयएनएफ हा ॲप्लिकेशनचा खासगी फोल्डर असतो. तो बाहेर द्यायचा नसतो हे टॉमकॅटला ठाऊक आहे, एन्जिनएक्सला नाही. कुणी नुसता पत्ता टाइप केला तरी तुमची कॉन्फिगरेशनची फाइल, त्यातल्या डेटाबेसच्या पासवर्डसकट, त्याच्या हातात पडू शकेल. मी हे एका चालू साइटवर पाहिलं आहे. स्टॅटिक फाइलींची वेगळी प्रत '/व्हीएआर/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' खाली ठेवा आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ती ताजी करा. ४०३ (परवानगी नाही) चा एक त्रासही यात वाचतो, कारण टॉमकॅटने उलगडलेल्या फाइली बहुतेकदा एन्जिनएक्सच्या वापरकर्त्याला वाचताच येत नाहीत.

पायरी ६: आतली जोडणी तोडू नका

नेहमी भेटणाऱ्या बहुतेक आवृत्त्यांत एन्जिनएक्स प्रत्येक विनंतीसाठी टॉमकॅटशी नवी जोडणी करतो आणि काम झालं की तोडतो. ती टिकवायला तीन ओळी लागतात: अपस्ट्रीममध्ये कीपअलाइव्ह ३२, लोकेशनमध्ये प्रॉक्सी_एचटीटीपी_व्हर्शन १.१, आणि कनेक्शन हे हेडर रिकाम्या अवतरणचिन्हांनी कोरं करणं. तिन्ही एकत्रच लिहा. ३२ ही जोडण्यांची कमाल मर्यादा नाही, हेही ध्यानात असू द्या. काम नसतानाही एन्जिनएक्सची प्रत्येक वर्कर प्रक्रिया किती जोडण्या उघड्या ठेवेल, तेवढंच तो आकडा सांगतो.

यातून एक चिवट दुखणं उद्भवतं. दिवसातून चार-दोनदा, कुठलंही कारण न दिसता ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर नाही) येतं. एरर लॉगमध्ये अपस्ट्रीमने जोडणी वेळेआधी बंद केल्याची ओळ असते. कारण असं: टॉमकॅटच्या फाइलीत कनेक्शनटाइमआउट २०००० असतो, म्हणजे २० सेकंद, आणि कीपअलाइव्हटाइमआउट वेगळा दिला नसेल तर तोही तेवढाच धरला जातो. एन्जिनएक्स मात्र मोकळी जोडणी ६० सेकंद जपतो. टॉमकॅट जोडणी बंद करतो त्याच क्षणी एन्जिनएक्सने तिच्यावर विनंती टाकली, की ती वाया गेली. उपाय सोपा आहे: जोडणी तोडण्याचं काम नेहमी एन्जिनएक्सनेच करावं. अपस्ट्रीममध्ये कीपअलाइव्ह_टाइमआउट १५एस लिहा. टॉमकॅटकडे मॅक्सकीपअलाइव्हरिक्वेस्ट्स १०० असतो, म्हणजे शंभर विनंत्यांनंतर तो जोडणी सोडतो. तो हजारावर न्या.

पायरी ७: चुकांचे आकडे वाचायला शिका

५०२ नेहमीचा: टॉमकॅट बंद आहे किंवा अजून उठतो आहे. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर सगळं बरोबर असूनही ५०२ येत असेल आणि लॉगमध्ये परवानगी नाकारल्याचं दिसत असेल, तर ती एसईलिनक्सची, म्हणजे लिनक्समधल्या सुरक्षेच्या पहारेकऱ्याची, अडवणूक. एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट हा स्विच कायमचा चालू करा. एसईलिनक्सच बंद करू नका.

४१३ म्हणजे अपलोड मोठा झाला. एन्जिनएक्स मुळात फक्त १ एमबी घेतो. क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज वाढवा.

५०४ म्हणजे टॉमकॅटकडून ६० सेकंदांत काहीच आलं नाही. इथे सगळे प्रॉक्सी_रीड_टाइमआउट वाढवायला धावतात. एखादा मोठा अहवाल बनत असेल तर ठीक, त्या एका लोकेशनपुरता वाढवा. एरवी ६० सेकंद गप्प बसणारं पान हे दुखणं आहे, ते आत शोधा.

पायरी ८: एचटीटीपीएस

हे सर्टबॉट हा प्रमाणपत्र मिळवून देणारा प्रोग्राम करून देतो. त्याचं एन्जिनएक्सचं प्लगिन साइटची फाइल स्वतः बदलतं आणि मुदत संपण्याआधी प्रमाणपत्र नवं करतं. टॉमकॅटमध्ये काहीच करायचं नाही. व्हॉल्व्ह घातला असेल तर ॲप्लिकेशनला सुरक्षित जोडणी आपोआप कळते.

पायरी ९: मोजा

एन्जिनएक्सच्या लॉग_फॉरमॅटमध्ये दोन आकडे घाला: रिक्वेस्ट_टाइम आणि अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम. पहिला ग्राहकाला शेवटचा बाइट देईपर्यंतचा, दुसरा टॉमकॅटकडून पूर्ण उत्तर हाती येईपर्यंतचा, दोन्ही सेकंदांत. दोन्ही आकडे जवळपास सारखे आणि दोन्ही मोठे असतील तर एन्जिनएक्स तुम्हाला वाचवू शकणार नाही. वेळ तुमच्या कोडमध्ये किंवा डेटाबेसच्या क्वेरीत जातो आहे. टॉमकॅटच्या लॉगशी ताडून बघताना मात्र एक गोष्ट सांभाळा: तिथला टक्के-डी टॉमकॅट ९ पर्यंत मिलिसेकंद देतो आणि १० पासून मायक्रोसेकंद.

मग पहिल्या पायरीतला प्रयोग पुन्हा करा, या वेळी कर्ल ८० पोर्टवर. पाच खिडक्यांत संथ डाउनलोड चालू ठेवा आणि सहावीत मुखपृष्ठ मागा. ते लगेच यायला हवं. आलं नाही तर कुणीतरी प्रॉक्सी_बफरिंग बंद करून ठेवलं आहे का ते बघा.

त्या निकालानंतर आम्ही हीच जोडणी केली आणि पुढच्या निकालाच्या दिवशी मी लॉग उघडून बसलो होतो. एका गुणपत्रिकेची ओळ अजून आठवते: रिक्वेस्ट_टाइम ११.४०२, अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम ०.१८४. कुठल्याशा गावातल्या त्या मुलाला पीडीएफ उतरवायला अकरा सेकंद लागले होते, पण थ्रेड अडकला होता तो सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी वेळ. जेस्टॅक काढला तेव्हा दोनशेपैकी नऊ थ्रेड कामात होते.